टिपणीसांनी दारावर लावलेली यादी

शशिधर टिपणीस घाबरतो. एखाद्या माणसाची ओळख अशी करून देणं बरं दिसत नाही, पण दुसऱ्या कुठल्याही वाक्याने सुरुवात केली तर ती खोटी ठरेल. काही माणसं उंच असतात, काही सावळी असतात, शशिधर घाबरलेला असतो. दारावरची बेल वाजली की तो आधी स्वयंपाकघरात जातो. फोन वाजला की "सुलक्षणा, फोन!" असं ओरडतो, मग फोन त्याच्या मांडीवर का असेना. पोस्टाने आलेलं तपकिरी पाकीट तो दोन दिवस उघडत नाही, आंब्यासारखं पिकत घालतो. नॉटिंगहॅमच्या रिंग रोडवर त्याने आयुष्यात एकदाच गाडी घातली. बाहेर कुठून पडायचं ते कळेना म्हणून शहराला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि शेवटी एका पेट्रोल पंपावरून मला फोन केला. तेव्हापासून त्याला ने-आण करायचं खातं माझ्याकडे आहे. मी दातांचा डॉक्टर. घाबरलेल्या माणसाला खुर्चीत बसवून ठेवणं हा माझा पोटाचा धंदा, त्यामुळे आमचं जमतं.

त्याची बायको सुलक्षणा बरोबर उलटी. ती हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डची सिस्टर आहे. मोठमोठे सर्जन तिला विचारून खोकतात. कराडहून त्र्याहत्तर साली हे जोडपं इथे आलं तेव्हा विमानात शशिधरने डोळे मिटले होते, ते हीथ्रोला तिने उघडायला लावले म्हणे. मला वाटतं, त्यानंतरही बरेच दिवस ते पूर्ण उघडले नसावेत.

नॉटिंगहॅमच्या शेजारी एक छोटी कौन्सिल आहे. तिच्या निवडणूक खात्यात शशिधर एकोणऐंशीपासून कारकून. मतदार यादी करायची, छापून आणायची, लायब्ररीत लोकांना बघायला ठेवायची, चुका सुधारायच्या, की पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. अशा कामाने माणसाला झोप लागते. याला जाग यायची. कुणाचा मधला एका अक्षराचा इनिशियल गळला तर हा जेवताना घास हातात धरून बसायचा.

आणि मतदानाच्या दिवशी तर हा माणूस ओळखू येत नसे. एखाद्या शाळेच्या जिमखान्यात तो पोलिंग स्टेशनचा मुख्य अधिकारी म्हणून बसला की त्याची उंची दोन इंच वाढते. सकाळी सात वाजता, मतदान सुरू करण्यापूर्वी, पेटी रिकामी आहे हे हजर असलेल्यांना दाखवायचं आणि मग तिला सील करायचं, असा नियम. सातला बहुधा चिटपाखरू नसतं. शशिधर ती पेटी दूधवाल्याला दाखवतो. एकदा मी त्याचा डबा घेऊन गेलो, तर डबा खाली ठेवायला लावून त्याने मला पेटीत वाकायला लावलं.

"नीट बघ. तळापर्यंत."

"बघितलं."

"काय दिसलं?"

"काय दिसणार? काही नाही."

"तेच बघायचं असतं," तो म्हणाला, आणि इतक्या गंभीरपणे म्हणाला की मी पुन्हा एकदा वाकलो.

एका वर्षी सहा फुटी, तांबड्या मानेचा एक उमेदवार, छातीवर फ्लॉवरच्या गड्ड्याएवढं रिबिनीचं फूल लावून, आत येऊन मतदारांशी हात मिळवू लागला. शशिधर उठला. "सर, आउटसाइड," म्हणाला. एवढंच. आणि तो डोंगर गेला की बाहेर! संध्याकाळी मात्र शशिधरने चहात चार चमचे साखर घातली, आणि चार मिनिटं ढवळत बसला, कारण चमचा थांबवला असता तर हात थरथरताना दिसला असता.

तर असा हा माणूस. शहाण्णव सालच्या जुलैत एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे साबुदाण्याची खिचडी खायला गेलो होतो. सुलक्षणा म्हणाली, "अहो, शनिवारी तुम्हाला चर्चच्या मागच्या हॉलला जायचंय."

"मला? का?"

"आमच्या हॉस्पिटलच्या किचनमध्ये मुनिरा आहे ना, तिची माणसं आहेत. बॉस्नियाची."

"ती युद्धवाली?"

"युद्धवाली नाही हो, युद्धातून पळून आलेली. आता तह झालाय. सप्टेंबरमध्ये तिकडे इलेक्शन आहे आणि जे बाहेर पळालेत त्यांना पोस्टाने मत देता येणार आहे. त्याचे फॉर्म आलेत. कुणालाही त्यातलं ओ की ठो कळत नाहीये."

"पण मला तिकडच्या पॉलिटिक्समधलं..."

"पॉलिटिक्स कोण मागतंय तुमच्याकडे? फॉर्म! तुम्ही आणि फॉर्म. एवढंच जमतं ना तुम्हाला? मग तेवढं करा."

शशिधरने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची आहे. ड्रिल सुरू होण्यापूर्वी लोक नर्सकडे तशी बघतात. मी म्हणालो, "मी सोडतो तुला."

शनिवारी हॉलमध्ये शिरलो तेव्हा तेवीस माणसं भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसली होती. मधल्या खुर्च्या रिकाम्या. सगळ्यांची पाठ भिंतीला आणि डोळे दाराकडे. शशिधर माझ्या कानात म्हणाला, "हे लोक अगदी माझ्यासारखे बसलेत रे." आणि पुढच्या पाच मिनिटांत त्याची ती दोन इंच उंची वाढली. त्याने टेबलं फिरवली, खडूने जमिनीवर बाण काढला, पेन्सिलींना टोकं केली. एकेकाला बोलावलं. नाव, जन्मतारीख, आणि एक्क्याण्णव साली, म्हणजे युद्धाआधी, राहत होतात ते गाव. कारण मत त्या गावासाठी द्यायचं होतं. ज्या गावात आता त्यांचं घर नव्हतं, किंवा घर होतं पण त्यात दुसरंच कुणी राहत होतं, त्या गावासाठी.

मुनिरा पन्नाशीची, आखूड केसांची बाई. तिकडे ती शाळेत भूगोल शिकवायची, इथे बटाटे सोलायची. तिचं इंग्रजी तुटक, पण चुकीचं नव्हतं. तिने दुभाष्याचं काम केलं. दुपारपर्यंत तेवीस फॉर्म भरून झाले. शशिधरला त्यांनी इवल्याशा कपातून तीन वेळा कॉफी पाजली. गाडीत तो स्वतःची नाडी धरून बसला होता, पण चेहरा असा की जणू लग्न लावून आलाय.

"तेवीस," तो म्हणाला. "आणि एक खाडाखोड नाही."

फॉर्म परदेशी पाठवायचे होते आणि शेवटची तारीख बारा दिवसांवर होती. शशिधर म्हणाला, सुटे पाठवायचे नाहीत, तपासून एकगठ्ठा पाठवायचे. कौन्सिलात तसंच करतात. आणि कौन्सिलात आणखी एक करतात, ते त्याने कुणालाही न विचारता केलं. यादी केली. घरी बसून टाइप केली, आडनावांच्या क्रमाने. नाव, जन्माचं साल, मूळ गाव, इथला पत्ता. खाली ओळ: काही चूक असल्यास पुढच्या शनिवारी कळवावे. मतदार यादी लोकांसमोर ठेवल्याशिवाय ती पक्की कशी होणार? सतरा वर्षं तो तेच करत आला होता. बुधवारी ऑफिसातून येताना तो बसने वाकडी वाट करून हॉलवर गेला. यादीची एक प्रत त्याने आतल्या फळ्यावर आणि एक बाहेरच्या दारावर लावली, चार कोपऱ्यांना चार पिना.

पुढच्या शनिवारी आम्ही दोन डबे चकल्या घेऊन गेलो. हॉलमध्ये कुणी नव्हतं.

दहा वाजले, साडेदहा वाजले. चहाच्या मोठ्या पिंपातलं पाणी उकळून उकळून गप्प झालं. शशिधर दोनदा बाहेर जाऊन आला आणि दुसऱ्या वेळी आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. दारावरची यादी कुणीतरी ओरबाडून काढली होती. चार पिनांखाली कागदाचे चार कोपरे तेवढे राहिले होते.

"नॅशनल फ्रंटवाले," तो कुजबुजला. डोकी भादरून, आमच्यासारख्यांना देशाबाहेर हाकला म्हणत फिरणारी ती टोळी. "त्यांनी यादी नेली. पत्ते होते रे त्यात. पत्ते!"

"अरे, वाऱ्याने..."

"वारा पिना ठेवून जातो?"

आम्ही हॉलला आतून कडी घातली. हे लिहिताना मला थोडी लाज वाटते, पण आम्ही दोन पन्नाशीचे पुरुष एका चर्चच्या हॉलमध्ये आतून कडी घालून, हातात चकली धरून बसलो होतो. बाहेर गाडीचं दार वाजलं की चावायचे थांबत होतो.

त्याच दिवशी दुपारी सुलक्षणा ड्यूटीवरून परतली ती पर्स सोफ्यावर फेकतच. "अहो, काय करून ठेवलंत तुम्ही?"

यादी नॅशनल फ्रंटने नेली नव्हती. मुनिराने फाडली होती. बुधवारी संध्याकाळी कुणीतरी ती दारावर पाहिली आणि तासाभरात तेवीसच्या तेवीस जणांना कळलं होतं. एक कुटुंब त्याच रात्री कॉव्हेंट्रीला नातेवाइकांकडे निघून गेलं. दोघांनी दारावरच्या नावाच्या पाट्या काढल्या. आणि मुनिराने सुलक्षणाला वॉर्डच्या दाराशी गाठून एवढंच सांगितलं होतं की तुझ्या नवऱ्याला सांग, आमचे फॉर्म परत दे. आम्हाला मत द्यायचं नाही.

"पण मी तर... चुका दुरुस्त करायला..." शशिधर म्हणाला.

"गावासकट नावं लावलीत? पत्त्यासकट? दारावर? त्या माणसांच्या?"

शशिधर खाली बसला. खुर्ची होती तिथे, हे नशीब.

फॉर्म त्याच्या कपाटात होते, मोठ्या पाकिटात, तपासलेले, पत्ता घातलेले. शेवटच्या तारखेला पाच दिवस उरले होते आणि पोस्टाला त्यातले चार लागणार होते. मी सरळ विचार केला. सरळ विचार करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. म्हणालो, "टाकून दे पोस्टात. सह्या झाल्यात. सप्टेंबरमध्ये मतपत्रिका येईपर्यंत भीती निघून जाईल, तेव्हा तुझेच पाय धरतील."

शशिधरने माझ्याकडे असं पाहिलं की त्या सहा फुटी उमेदवाराला काय वाटलं असेल ते मला कळलं.

"नको म्हणतायत ते," तो म्हणाला. "घाबरलेल्या माणसाचा कागद त्याला न विचारता मी पुढे सरकवायचा? मग तिकडच्या बंदूकवाल्यांनी तरी वेगळं काय केलं?"

"मग मत जाईल त्यांचं."

"जाईल," तो म्हणाला. "गेलं तर माझ्यामुळे जाईल."

रविवारी संध्याकाळी, चांगलं लख्ख ऊन असताना, आम्ही तिघं मुनिराच्या बिल्डिंगमध्ये गेलो. कौन्सिलची बारा मजली इमारत, मुनिरा सातव्यावर. शशिधर लिफ्टला घाबरतो, म्हणून जिन्याने. चौथ्या मजल्यावर तो थांबला, पाकीट छातीशी धरून.

"मला बघून ती ओरडली तर?"

"तर मी आहे," सुलक्षणा म्हणाली. "चला."

बेल वाजवली. आतला टीव्ही बंद झाला. पुढे काहीच नाही. पण दाराच्या पलीकडे कुणीतरी उभं होतं, श्वास ऐकू येत होता. अलीकडे आमचा येत होता. दोन्ही बाजूंनी लोक एकमेकांना घाबरून उभे, मध्ये दीड इंचाचं लाकूड. शेवटी शशिधर गुडघ्यांवर बसला, दारातली पत्र टाकायच्या फटीची पितळी झडप बोटाने उचलली आणि फटीतून म्हणाला, "मिसेस मुनिरा, मी टिपणीस. यादीवाला. फॉर्म परत द्यायला आलोय."

साखळी काढल्याचा आवाज आला.

आत सहा-सात जण होते. म्हातारा एक, बायका, सगळे पुन्हा भिंतीला पाठ लावून. शशिधरने पाकीट टेबलावर ठेवलं, उघडलं आणि फॉर्म मोजून मांडले. "तेवीस. मी वाचून दाखवत नाही. तुमचे तुम्ही ओळखून घ्या. फाडा, ठेवा, पाठवा, मी विचारणार नाही. हॉलच्या फळ्यावरची आणि माझ्याकडची, यादीच्या दोन्ही प्रती मी जाळल्या. माझं चुकलं."

मुनिराने कॉफी ठेवली. ती रागावलेली दिसत नव्हती, त्याचीच जास्त भीती वाटत होती. मग ती बोलली. तिच्या इंग्रजीत जे होतं ते मी मराठीत सांगतो.

"आमच्या गावात ब्याण्णवच्या वसंतात कागद लागला. वाचनालयाच्या दारावर. छान टाइप केलेला, नावांच्या क्रमाने. तुमच्यासारखाच. यात ज्यांची नावं आहेत त्यांनी सकाळी नऊला शाळेत हजर व्हावं. माझ्या शाळेत. लोक म्हणाले, मतदानाच्या यादीवरून केलाय. खरं-खोटं मला माहीत नाही. नव्वद साली आम्ही सगळे नवे कपडे घालून मत द्यायला गेलो होतो, रांगेत एकमेकांना केक देत होतो. तेव्हा नावं लिहून दिली होती, हे खरं. शेजारी म्हणाले, जाऊ नका, जंगलात पळा. माझा नवरा म्हणाला, कागदावर नाव आहे, नाव बरोबर लिहिलंय, जायला हवं. पाच मिनिटं आधी गेला. कागदाचा मान ठेवणारा माणूस होता. तुमच्यासारखा."

शशिधरने कप बशीवर टेकवला.

"तुमचं नाव आहे?" मुनिराने विचारलं. "इथल्या यादीत? जी लायब्ररीत सगळ्यांना बघायला ठेवता, त्यात?"

साधा प्रश्न होता. माझ्या मनात उत्तर तयारही होतं: त्याचं नाव नसेल तर कुणाचं असणार! शशिधरने सुलक्षणाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"नाही," तो म्हणाला.

"काय?" हे सुलक्षणा.

"एक्क्याऐंशी साली होतं. त्या नोव्हेंबरात काउंटरवर एक माणूस आला. टाय लावलेला, नम्र. यादी बघायची म्हणाला. कुणालाही बघता येते, कायदाच आहे. मी खुर्ची दिली. त्याने आमची गल्ली काढली आणि वहीत नावं लिहायला लागला. सगळी नाही. पटेल. सिंग. मग एका नावावर बोट ठेवून मला विचारलं, याचा उच्चार कसा करायचा हो? ते माझं नाव होतं. त्याला माहीत नव्हतं ते माझं आहे म्हणून." शशिधरने टेबलावरचा एक फॉर्म सरळ केला. "मी सांगितला. दोनदा सांगितला. हळू. टि-प-णी-स. तो थँक यू म्हणाला. पुढच्या गुरुवारी, संध्याकाळी सात वाजता, सुलक्षणा पोळ्या करत होती, पुढच्या खिडकीतून वीट आली. पटेलांकडेही आली, सिंगांकडेही. मधल्या घरांत नाही. आणि रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली. आडनावाने. उच्चार अगदी बरोबर होता."

विटेची गोष्ट मला ठाऊक होती. नॉटिंगहॅमच्या सगळ्या मराठी माणसांना ठाऊक होती. काउंटरची कुणालाच नव्हती.

"तोच माणूस होता की नाही, देव जाणे. पण तेव्हापासून दर ऑक्टोबरला यादीसाठी अख्ख्या घराची नावं भरायचा फॉर्म येतो, तो मी भरत नाही. मग आठवण करणारं पत्र येतं. ते मीच पाठवतो. माझ्याच सहीचं. मग दंडाची धमकी येते, तीही मीच टाइप करतो, आणि घरी आल्यावर ती वाचून घाबरतो."

सुलक्षणाचा मराठी पट्टा सुटला. "अहो, म्हणजे पंधरा वर्षं? पंधरा! आणि दर वेळी मला काय सांगत होतात? 'सुलक्षणा, तुझी ड्यूटी आहे, धावपळ नको, तुझ्या एका मताने काय होतंय?' माझं मत, अहो! कारकुनाने खाल्लं माझं मत! अख्ख्या गावाला पेटी रिकामी आहे म्हणून दाखवत फिरता, त्यात माझंच मत नव्हतं हे सांगायचं होतं ना एकदा!"

शब्द कळले नसतील, पण बायको नवऱ्याला झापते तो सूर जगात सगळीकडे एकच असावा. भिंतीजवळचा म्हातारा खुदकन हसला. मग एक बाई. मुनिरा हसली नाही, पण तिने शशिधरच्या कपात पुन्हा कॉफी ओतली.

"अजून भीती वाटते?" तिने विचारलं.

"रोज."

"मलाही. इथे दूधवाला आला तरी." तिने टेबलावरच्या गठ्ठ्यातून आपला फॉर्म शोधून काढला, हातात धरून पाहिला. आम्हाला वाटलं, फाडते. "गावात आता माझ्या घरात कोण राहतं, मला माहीत आहे. तो मत देणार आहे. शाळेच्या दाराशी उभे होते ते मत देणार आहेत. त्यांना भीती वाटत नाही. घाबरलेल्यांनी मत दिलं नाही तर मत कोण देणार? न घाबरलेले. आणि तिथे न घाबरलेले कोण आहेत, ते मला नावानिशी माहीत आहेत."

मग तिने आपल्या भाषेत इतरांना काही सांगितलं. बराच वेळ वाद झाला. एक बाई रडली, म्हाताऱ्याने टेबलावर हात आपटला. शेवटी मुनिरा वळून म्हणाली, "इथले सात जातील. बाकीच्यांना मी उद्या जाऊन विचारते. आणि तुम्ही," तिचं बोट शशिधरच्या छातीवर होतं, "तुम्ही पण. नाहीतर मला पाठवायला सांगू नका."

तेवीसपैकी एकोणीस फॉर्म मंगळवारी गेले. कुरियरने. चौघांनी आपले फाडले. शशिधरने त्या चौघांबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, दुसऱ्या कुणाला काढूही दिला नाही. स्वतःचं म्हणाल तर ऑक्टोबरात त्यांच्या घरी फॉर्म आला तेव्हा सुलक्षणाने तो त्याच्या हातात पडूच दिला नाही. कुटुंबप्रमुखाच्या जागी स्वतः सही ठोकली आणि लाल पेटीत टाकून आली. त्या हिवाळ्यात शशिधर पुढच्या खोलीत पडदे लावून, खिडकीपासून सर्वांत लांबच्या खुर्चीत बसायचा. वीट आली नाही. पण येणार नाही असं त्याला कुणी लिहून दिलं नव्हतं, आणि ते त्याने कुणाकडे मागितलंही नाही.

पण ते नंतरचं. त्याआधी सप्टेंबर.

मतपत्रिका आल्या. मुनिराने शशिधरला बोलावलं, कारण पाकिटात पाकीट आणि त्यात आणखी एक पाकीट असा तो मामला होता. त्याने तिला पाकिटांचा क्रम समजावला आणि मग खोलीबाहेर गेला. नुसता खोलीबाहेर नाही, फ्लॅटबाहेर. मला दंडाला धरून घेऊन गेला. जिन्याजवळ दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. एक बाई पिशव्या घेऊन वर आली, आमच्याकडे पाहून घाईघाईने आपल्या दारात शिरली आणि आतून दोन कड्या लावल्याचा आवाज आला.

"ती पोलिसांना बोलावेल," मी म्हणालो.

"बोलावू दे. आत मतदान चालू आहे."

वीस मिनिटांनी मुनिरा कोट घालून बाहेर आली, पाकीट कोटाच्या आत धरून. आम्ही खाली उतरलो. इमारतीसमोर रस्त्याच्या कडेला पोस्टाची पेटी होती. शशिधर दहा पावलं अलीकडे थांबला आणि पाठ करून उभा राहिला. मी गाडीला टेकून. रस्त्यावर नेहमीचीच रहदारी, पण त्या दिवशी प्रत्येक गाडी हळू होतेय असं वाटत होतं. पलीकडे दोन डोकी भादरलेली पोरं चिप्स खात बसली होती. शशिधरने त्यांना पाहिलं होतं. त्याच्या मानेवरची शीर मला दिसत होती.

मुनिराने पाकीट पेटीच्या तोंडात घातलं. आणि सोडेना. हात आत, मनगटापर्यंत, आणि ती तशीच उभी.

"मिस्टर टिपणीस."

"मी बघायचं नसतं," शशिधर पाठमोराच म्हणाला.

"मत पाकिटात आहे. मत बघू नका, मला बघा." ती पेटीकडेच बघत होती. "तो एकटा गेला होता. मी एकटीने टाकणार नाही."

शशिधर वळला. नियम काय म्हणतो, याचा त्याने डोक्यात शोध घेतला असणार. मला त्याचे ओठ हलताना दिसले. मग ती दहा पावलं चालत गेला आणि तिच्याशेजारी उभा राहिला, हात पाठीमागे बांधून. पोरांकडे त्याची पाठ होती आता. एवढ्या वर्षांत रस्त्यावर त्याने अनोळखी माणसाकडे पाठ केलेली मी पाहिली नव्हती.

आत पाकीट पडल्याचा आवाज आला. बारीकसा.

"किती वाजता नेतात?" मुनिराने विचारलं.

पेटीवरच्या पत्र्यावर साडेपाच लिहिलं होतं. सव्वापाच होत होते. दोघांपैकी कुणीही हललं नाही. मीही गाडी सोडून जाऊन उभा राहिलो, कारण टेकून उभं राहणं मलाच बरं वाटेना. पोरं उठून आमच्या बाजूने आली, एकाने आमच्याकडे बघून काहीतरी पुटपुटलं, चिप्सचा कागद खाली टाकला आणि दोघंही निघून गेली. मुनिराने शशिधरची बाही धरली होती. शशिधर थरथरत होता, आणि ती थरथर बाहीतून तिच्या हातापर्यंत जात असणार. किंवा तिचीच त्याच्यापर्यंत येत असेल.

साडेपाचला तीन मिनिटं कमी असताना लाल व्हॅन आली. पोस्टमनने पेटी उघडली, पत्रं पोत्यात ओतली आणि आमच्या तिघांकडे पाहिलं.

"काही विसरलात का टाकायचं?"

"नाही, सर," शशिधर म्हणाला. "पेटी रिकामी झाली का, तेवढं बघतोय."

पोस्टमनने खांदे उडवले आणि बाजूला सरकला. मुनिरा वाकली आणि तिने आत पाहिलं. तळापर्यंत पाहिलं. मग व्हॅन निघाली, दिव्यापाशी थांबली, वळली. ती वळेपर्यंत तिने बाही सोडली नाही.